मानवविषयक इंग्रजी विधाने आणि निश्चयवाचक क्रियाविशेषणे

१

इंग्रजी निबंधलेखनाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानी एक उपदेश हटकून पडतो. मनुष्यस्वभावाविषयी किंवा मनुष्यजातीविषयी काही सामान्य विधान करावयाचे असल्यास ‘सर्टन्ली’, ‘अनडाउटेडली’, ‘शुअर्ली’ ही निश्चयवाचक क्रियाविशेषणे टाळावीत आणि त्यांच्या जागी ‘परहॅप्स’, ‘प्रॉबब्ली’ अशी संशयवाचक क्रियाविशेषणे योजावीत, असा तो उपदेश होय. पहिल्या प्रकारच्या शब्दांनी लेखनात हटवाद शिरतो व दुसऱ्या प्रकारच्या शब्दांनी विनय येतो, अशी त्यामागील समजूत आहे.

या समजुतीला मोठ्या नावाचा आधारही आहे. बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्राच्या १७८४ साली लिहिलेल्या भागात स्वतःची एक हकीकत दिली आहे. लोक आपल्याला गर्विष्ठ समजतात असे एका क्वेकर मित्राने सांगितल्यावरून त्याने आपल्या सद्गुणांच्या यादीत नम्रतेची भर घातली आणि ठाम मत सूचित करणारे ‘सर्टन्ली’, ‘अनडाउटेडली’ यांसारखे सर्व शब्द स्वतःपुरते वर्ज्य केले. त्यांच्याऐवजी ‘मला असे वाटते’, ‘माझी अशी कल्पना आहे’ अशा अर्थाचे प्रयोग तो करू लागला. त्यामुळे संभाषणे अधिक सुखाची झाली आणि त्याची मते लोकांना लवकर पटू लागली. पण हा उतारा उद्धृत करणारे पुष्कळजण त्यातील एक कबुली वगळतात. नम्रतेचा गुण प्रत्यक्षात आपल्या अंगी फारसा आला असे म्हणता येत नाही, तिचे बाह्य रूप मात्र बरेच साधले, असे फ्रँकलिनने तेथेच प्रांजळपणे नमूद केले आहे.

या कबुलीत प्रस्तुत विषयाचे बीज आहे. क्रियाविशेषण बदलल्याने वाक्याचा चेहरा बदलतो. वाक्याचा स्वभाव बदलतोच असे नाही. इंग्रजी वैचारिक गद्यातील काही प्रसिद्ध स्थळे तपासली असता असे दिसते की, मनुष्याविषयीची अत्यंत अन्यायकारक विधाने संशयवाचक शब्दांच्या आश्रयाने केली गेली आहेत आणि अत्यंत न्याय्य विधानांपैकी काही पूर्ण निश्चयाच्या भाषेत केली गेली आहेत. तेव्हा दोष शब्दाच्या बळात शोधावा की अन्यत्र, हा प्रश्न उपस्थित होतो.

२

प्रथम या शब्दांचे व्याकरण पाहणे इष्ट होईल. ‘जलद’, ‘हळू’ ही क्रियाविशेषणे क्रियेची रीत सांगतात. ‘सर्टन्ली’ क्रियेविषयी काहीच सांगत नाही. ते सबंध विधानाला लागते. ‘मनुष्य निश्चित स्वार्थी आहे’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्यात स्वार्थाचे प्रमाण वाढत नाही. वाढतो तो बोलणाऱ्याचा आग्रह. जे. ओ. अर्मसन यांनी १९५२ साली ‘माइंड’ या नियतकालिकातील एका लेखात असे दाखविले की, ‘आय नो’, ‘आय बिलीव्ह’ यांसारखे प्रयोग वाक्यात जणू कंसात येतात आणि मुख्य विधान कसे घ्यावे याची सूचना ऐकणाऱ्याला देतात. ‘सर्टन्ली’, ‘प्रॉबब्ली’ यांसारख्या क्रियाविशेषणांचे कार्यही त्याच जातीचे आहे. पुढे सिडनी ग्रीनबाउम यांच्या १९६९ च्या ग्रंथात इंग्रजी क्रियाविशेषणांच्या प्रयोगाची अधिक पद्धतशीर छाननी झाली व वाक्याच्या रचनेबाहेर राहून वाक्यावर भाष्य करणारी क्रियाविशेषणे वेगळी काढण्यात आली.

ही सूचना प्रत्येक शब्दागणिक निराळी असते. ‘सर्टन्ली’ वाक्यारंभी आले की वाचक पुढे ‘बट’ची वाट पाहू लागतो. ‘मनुष्य स्वार्थी आहे हे खरे’ एवढे मान्य करून लेखक आपला खरा मुद्दा नंतर मांडणार, हे त्याला ठाऊक असते. येथे निश्चयाचा शब्द सवलत देण्याचे काम करतो. ‘शुअर्ली’चा स्वभाव याहून वेगळा आहे. त्यात प्रतिपादनापेक्षा विनवणी अधिक असते. मराठीत ‘नाही का?’ किंवा ‘निदान एवढे तरी मान्य कराल ना?’ या प्रश्नांनी जे साधते तेच तो साधतो. युक्तिवादात जेथे पुरावा संपतो तेथे हा शब्द पुष्कळदा येतो; तो दिसताच वाचकाने सावध व्हावे, असा सल्ला तत्त्वज्ञ डॅनिएल डेनेट यांनी २०१३ च्या एका पुस्तकात दिला आहे. ‘डाउटलेस’ची गत तर मौजेची आहे. ‘संशयरहित’ हा त्याचा मूळ अर्थ. पण आजच्या वापरात तो पुष्कळदा ‘बहुधा’ इतकाच उरला आहे. अतिवापराने निश्चय झिजला आणि संशय आत शिरला.

मराठी वाचकाला ही झीज अपरिचित नाही. ‘गोविंद घरी आहे’ आणि ‘गोविंद घरी असणारच’ या दोन वाक्यांपैकी दुसरे वरकरणी अधिक जोरकस आहे. तथापि ज्याने गोविंदाला घरी बसलेले पाहिले आहे तो पहिले वाक्य बोलतो; ज्याने पाहिलेले नाही, केवळ तर्क केला आहे, तो दुसरे बोलतो. ‘च’चा जोर हा ज्ञानातील उणीव भरून काढण्यासाठी येतो. इंग्रजीतील ‘मस्ट’ या सहायक क्रियापदाविषयी लाउरी कार्टुनेन यांनी १९७२ साली हाच मुद्दा मांडला: आवश्यकता दर्शविणारे वाक्य तर्कशास्त्रात साध्या विधानाहून बलवान असले, तरी व्यवहारातील इंग्रजीत ते दुर्बळ ठरते. निश्चयवाचक शब्दाचे अस्तित्व हे निश्चयाच्या अभावाचे लक्षण असू शकते, एवढे यावरून उघड व्हावे.

मानवविषयक वाक्यात ही अडचण अधिक तीव्र होते, त्याचे कारण त्या वाक्याच्या उद्देश्यात आहे. इंग्रजीत ‘मॅन’ हा शब्द उपपदावाचून एकवचनी योजला की त्याने कोणी एक मनुष्य सूचित होत नाही आणि सर्व मनुष्यांची गणतीही होत नाही. ‘मनुष्य स्वार्थी आहे’ हे वाक्य एका उदार माणसाच्या उदाहरणाने खोटे पडत नाही आणि हजार स्वार्थी माणसांच्या उदाहरणांनी सिद्धही होत नाही. जे वाक्य पुराव्याने पडत नाही वा उभे राहत नाही, त्याला आधार हवा असतो. क्रियाविशेषण तो उसना आधार पुरविते. शिवाय ‘ह्यूमॅनिटी’ या एकाच इंग्रजी शब्दात मराठीतील ‘मानवजात’ आणि ‘माणुसकी’ हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. मानवजातीविषयी बोलता बोलता कोणाला माणूस म्हणावयाचे याचा निर्णय लेखक नकळत करून जातो, तो या द्व्यर्थाच्या आडोशाने.

३

निश्चयवाचक शब्दांविषयीची सर्वांत सूक्ष्म कबुली डेव्हिड ह्यूमच्या ‘अ ट्रीटिज ऑफ ह्यूमन नेचर’ (१७३९-४०) या ग्रंथात आढळते. पहिल्या खंडाच्या समारोपात आपल्याच संशयवादाने ग्रासलेला ह्यूम अखेर असे सांगतो की, एखादा मुद्दा एखाद्या क्षणी ज्या प्रकाशात दिसतो त्या क्षणापुरती त्याच्याविषयी खात्री वाटणे हे मनुष्याच्या स्वभावातच आहे. अशा वेळी ‘हे उघड आहे’, ‘हे निश्चित आहे’, ‘हे नाकारता येणार नाही’ अशा अर्थाचे प्रयोग हातून निसटतात. आपल्या ग्रंथात असे प्रयोग आले असल्यास ते त्या क्षणीच्या दृष्टीने आलेले समजावेत, त्यावरून आपल्याला हटवादी ठरवू नये, अशी सूचना तो देऊन ठेवतो. वाचकांविषयीच्या आदरापोटी असे शब्द टाळावयास हवे होते हे तो मान्य करतो आणि त्या मान्यतेच्या वाक्यातही ‘परहॅप्स’ घालतो.

ह्यूमच्या या भूमिकेत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की, निश्चयवाचक शब्द वस्तूविषयी साक्ष देत नाहीत, बोलणाऱ्याच्या मनःस्थितीविषयी देतात, हे विसाव्या शतकातील भाषाविश्लेषणाने ज्याची फेरमांडणी केली ते तत्त्व त्याला अवगत होते. दुसरी अशी की, हा दोष त्याने मनुष्यस्वभावाचाच एक भाग म्हणून दाखविला आणि स्वतःलाही त्यातून वगळले नाही. मनुष्याविषयी लिहिणारा मनुष्यच असतो, याचे भान या उताऱ्यात पुरते जागे आहे.

सॅम्युअल जॉन्सनच्या ‘रासेलस’ (१७५९) या कथेत हेच भान निराळ्या रीतीने प्रकटते. ऋतू आणि पर्जन्य आपल्या आज्ञेत आहेत अशा भ्रमात सापडलेल्या विद्वान ज्योतिर्विदाची हकीकत ऐकून राजपुत्राच्या परिवारातील मंडळींपैकी काहींना हसू येते. त्यावर इम्लाक जे बोलतो त्यातील एका वाक्याचा आरंभ ‘परहॅप्स’ने होतो, पण त्या शब्दामागून येणारे विधान असे आहे की, काटेकोरपणे बोलावयाचे तर कोणतेच मानवी मन पूर्णपणे ठिकाणावर नसते. याहून सरसकट विधान क्वचितच सापडेल! येथे ‘परहॅप्स’ने विधानाची व्याप्ती तसूभरही कमी होत नाही. ती मर्यादित होते पुढील वाक्यात, आणि तेही ‘समटाइम्स’ या साध्या कालवाचक शब्दाने: ज्याची कल्पनाशक्ती केव्हा ना केव्हा बुद्धीवर मात करीत नाही असा मनुष्य नाही, असे इम्लाक म्हणतो. ‘परहॅप्स’ हे बोलण्याचे वळण आहे. ‘समटाइम्स’ हा विधानाचा अंश आहे. पहिला शब्द वगळला तर आवाजाची पट्टी तेवढी बदलते. दुसरा वगळला तर सत्य बदलते. निबंधलेखनाच्या शिक्षणात संशयवाचक शब्दांवर जेवढा भर दिला जातो, तेवढा ‘केव्हा’, ‘किती’, ‘कोण’ या प्रश्नांना उत्तर देणाऱ्या शब्दांवर दिला जात नाही, ही खेदाची गोष्ट होय.

इम्लाकचे वाक्य वाचकाला बोचते पण अपमानकारक वाटत नाही, याचे कारण त्या वाक्यात इम्लाक स्वतः आहे, ऐकणारे आहेत आणि वाचकही आहे. ज्योतिर्विदाला हसणाऱ्यांना तो ज्योतिर्विदाच्या शेजारी आणून बसवितो.

४

आता दुसऱ्या प्रकारची स्थळे पाहू जाता ह्यूमकडेच परतावे लागते. राष्ट्रांच्या स्वभावांविषयीचा त्याचा निबंध १७४८ साली प्रसिद्ध झाला आणि १७५३ च्या आवृत्तीत त्याने त्याला एक तळटीप जोडली. गोऱ्यांखेरीज इतर मानववंश, विशेषतः कृष्णवर्णीय, हे निसर्गतःच कनिष्ठ असावेत असा त्या टीपेचा आशय आहे. हे विधान निश्चयवाचक क्रियाविशेषणाने आरंभलेले नाही. ‘असा संशय घेण्याकडे आपला कल आहे’ अशा सौम्य शब्दांनी त्याचा आरंभ होतो. फ्रँकलिनच्या नियमाने पाहिले तर वाक्य निर्दोष आहे! सारे विष ‘नॅचरली’ या एका क्रियाविशेषणात आहे, आणि हा शब्द निश्चयवाचकांच्या यादीत सहसा येतच नाही. तो विधेयाला चिकटून बसतो, रीत सांगितल्याचा आव आणतो आणि प्रत्यक्षात कारण सांगून मोकळा होतो.

त्याच टीपेतील आणखी एक स्थळ व्याकरणदृष्ट्या बोधप्रद आहे. जमेकात एक विद्वान कृष्णवर्णीय असल्याचे लोक सांगतात, असे ह्यूम ‘इनडीड’ या शब्दाच्या साहाय्याने मान्य करतो. हा विद्वान म्हणजे लॅटिनमध्ये काव्यरचना करणारा फ्रान्सिस विल्यम्स असावा, असे अभ्यासक मानतात. पण ‘इनडीड’पाठोपाठ ‘बट’ येतो आणि संभाव्यता दर्शविणाऱ्या एका शब्दाच्या बळावर त्या माणसाची विद्वत्ता पोपटाच्या बोलण्याच्या तोलाची ठरविली जाते. ज्या एका उदाहरणाने सामान्य विधान डळमळावयाचे, तेच उदाहरण सवलतीच्या शब्दाने आत घेतले जाते आणि ‘बहुधा’ने बाहेर टाकले जाते. संशयवादी तत्त्वज्ञाच्या संशयाचा रोख येथे आपल्या विधानाकडे नसून विरोधी पुराव्याकडे आहे. जेम्स बीटीने १७७० साली या टीपेवर घेतलेला आक्षेप आजही वाचनीय आहे: असे विधान करण्याजोगा पुरावा हवा असेल तर पृथ्वीवर आजवर झालेल्या प्रत्येक कृष्णवर्णीयाशी व्यक्तिशः परिचय असावा लागेल, असा त्याचा आशय आहे. ह्यूमच्या मृत्यूनंतर १७७७ साली निघालेल्या आवृत्तीत टीपेची व्याप्ती थोडी कमी झालेली दिसते. इतर वंश त्यातून गळले, कृष्णवर्णीय मात्र राहिले.

जॉन स्टुअर्ट मिलच्या ‘ऑन लिबर्टी’ (१८५९) या ग्रंथातील उदाहरण भारतीय वाचकाला अधिक जवळचे आहे. व्यक्तीच्या स्वातंत्र्याचे तत्त्व पहिल्या प्रकरणात प्रतिपादन केल्यावर मिल त्याला एक मर्यादा घालतो: हे तत्त्व ज्यांच्या शक्ती परिपक्व झाल्या आहेत अशा मनुष्यांपुरतेच आहे. ही मर्यादा सांगण्याची कदाचित गरजही नसावी, अशा अर्थाच्या प्रस्तावनेने वाक्याला सुरुवात होते. तीत ‘परहॅप्स’ आणि ‘हार्डली’ हे दोन्ही संकोची शब्द एकत्र आले आहेत. प्रथम मुले वगळली जातात, आणि लगोलग त्याच कारणास्तव ज्या समाजांत सबंध वंशच बाल्यावस्थेत आहे ते मागासलेले समाज वगळले जातात. अशा लोकांना एखादा अकबर किंवा शार्लमेन सुदैवाने लाभला तर त्याच्या आज्ञेत निमूट राहण्यावाचून गत्यंतर नाही, असे तो पुढे म्हणतो. हे लिहिणारा मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीस होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

या वाक्याची शक्ती कशात आहे? ‘निश्चितपणे’ असे म्हटले असते तर वाचकाने ‘कशावरून?’ असे विचारले असते. ‘सांगण्याची कदाचित गरजही नाही’ असे म्हटल्याने विचारण्याची वेळच येत नाही. निश्चय येथे विधानात नसून विधानाच्या पूर्वगृहीतात आहे. ‘ऑफ कोर्स’ची जात हीच. जे वादात मांडलेले असते ते खोडता येते. जे वादाच्या उंबऱ्याबाहेर ठेवलेले असते ते खोडण्यासाठी आधी आत ओढून आणावे लागते. मानवजातीचा फार मोठा भाग एका संकोची उपवाक्याच्या आधाराने स्वातंत्र्याच्या तत्त्वाबाहेर राहिला.

आणि तरीही या दोषावरील कसोटी मिलनेच त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात दिली आहे. एखाद्या मताविषयी खात्री वाटणे म्हणजे स्वतःला प्रमादातीत मानणे नव्हे. विरुद्ध बाजू ऐकण्याची संधी न देता तो प्रश्न दुसऱ्यांसाठी निकालात काढणे हा खरा प्रमादातीतपणाचा दावा होय, असे तो स्पष्ट करतो. निश्चय निर्दोष असू शकतो. दोष आहे तो दुसऱ्याचे उत्तर नाकारण्यात. ही कसोटी पहिल्या प्रकरणातील त्या वाक्याला लावली असता ते वाक्य तिला उतरत नाही. महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकरांसारख्या विचारवंताने मिलच्या विचारांचे साहाय्य व्यक्तिस्वातंत्र्याच्या पुरस्कारासाठी घेतले. तेव्हा वगळलेल्यांपैकी एकाने ते तत्त्व आपले म्हणून वापरले आणि त्या ‘परहॅप्स’ला कृतीनेच उत्तर दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

५

निश्चयाची भाषा न्याय्य केव्हा ठरते, याचे उत्तम उदाहरण फ्रेडरिक डग्लसच्या भाषणात मिळते. गुलामीत जन्मलेल्या व तीतून निसटलेल्या डग्लसने ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त हे भाषण केले. गुलाम हा मनुष्य आहे हे सिद्ध करावयास हवे काय, असा प्रश्न उपस्थित करून तो उत्तर देतो की हा मुद्दा आधीच मान्य झालेला आहे, त्याविषयी कोणालाही शंका नाही.

वरकरणी ही युक्ती मिलच्या युक्तीसारखीच दिसते. एक मुद्दा वादाबाहेर ठेवला जात आहे. परंतु डग्लस तेथे थांबत नाही. मान्यता कोणी दिली आणि कोठे दिली, हे तो लागलीच दाखवितो. गुलामांना शासन करण्यासाठी कायदे करणाऱ्या मालकांनीच ती दिली आहे. व्हर्जिनिया राज्यात बहात्तर अपराध असे आहेत की ते कृष्णवर्णीयाने केल्यास देहान्ताची शिक्षा आहे; त्यांपैकी दोनच अपराधांना गोऱ्या माणसासाठी तशी शिक्षा आहे. ज्याला अपराधाबद्दल जबाबदार धरले जाते तो नैतिक, विचारी व उत्तरदायी प्राणी आहे हे कायद्यानेच कबूल केले आहे. पशूंसाठी कोणी असे कायदे करीत नाही. डग्लसचा निश्चय हा मनःस्थितीचा उद्गार नाही, विनवणी नाही आणि पूर्वगृहीतही नाही. तो प्रतिपक्षाच्या दप्तरातून काढलेला पुरावा आहे आणि ज्याला तो खोडावयाचा असेल त्याला कायद्याचे पुस्तक उघडून तो खोडण्याची मुभा आहे.

येथे ‘कदाचित गुलाम हाही मनुष्य असावा’ असे म्हणणे विनयाचे ठरले असते काय? ते सत्याशी आणि माणुसकीशी प्रतारणा करणारे ठरले असते. विनयाचा शब्द केव्हा अनुचित होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही.

६

या सर्व विवेचनावरून समीक्षकाच्या उपयोगी पडतील अशा काही गोष्टी निष्पन्न होतात. निश्चयवाचक वा संशयवाचक क्रियाविशेषण हे लेखकाच्या सौजन्याचे मोजमाप नव्हे. मानवविषयक विधानासमोर तीन प्रश्न ठेवावेत. हे क्रियाविशेषण काढून टाकल्यास विधानाच्या पाठीशी काही पुरावा उरतो काय? ‘मनुष्य’ या शब्दात लेखक स्वतः समाविष्ट आहे काय, की तो बाहेर उभा राहून इतरांविषयी बोलत आहे? आणि ज्यांच्याविषयी बोलले जात आहे त्यांना उत्तर देण्यास वाक्यात वाट ठेवली आहे काय? जॉन्सनचे सरसकट वाक्य दुसऱ्या प्रश्नाला उतरते, डग्लसचे निश्चयी वाक्य तिन्हींना उतरते. ह्यूमची तळटीप आणि मिलचे उपवाक्य, दोन्ही विनयी असूनही, उतरत नाहीत.

इंग्रजीत लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ‘सर्टन्ली’च्या जागी ‘परहॅप्स’ लिहिण्यास शिकविणे सोपे आहे. पण त्याने आपल्या वाक्यात ‘किती’ आणि ‘केव्हा’ हे सांगितले आहे की नाही आणि ‘कोण’ वगळले गेले आहे, हे पाहण्याची सवय लावणे कठीण आहे. शिक्षणाचे काम मात्र तेथेच आहे. निश्चयाचे शब्द शोधून त्यांखाली रेघ मारणारा वाचक अर्धेच काम करतो. जेथे रेघ मारण्याजोगे काहीच दिसत नाही, जेथे वाक्य नम्र आहे, प्रवाही आहे आणि जे सांगावयाचे ते सांगण्याची गरजही नाही असे म्हणत आहे, तेथे त्याने अधिक वेळ थांबावयास हवे.